आईने आज विचारलं, "भाकरी कसली गं?"

मंडळी, आज आईला घेऊन कर्जतला साखर तपासायला गेले होते. आत्ताच घरी आलेय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाकावर शेजारी पळसदरीची एक बाई होती. वैतागून म्हणाली, "भात कधीच सोडला, निस्ती भाकरी खाते, तरी साखर उतरत नाय."

माझी आई, जी आमच्या कडाव गावात शेजारणींनाही आपला डायबेटिस कळू देत नाही, ती गर्रकन वळली. "भाकरी कसली गं?"

"कसली म्हणजे? तांदळाची."

"अगं, मग भातच खातेस की! मीपण तेच करत होते. डॉक्टरांना सांग, तांदळाची हाय म्हणून. कसली खायची, किती खायची, ते सांगतील."

आईची साखर उतरत नाही असं मी मागे लिहिलं, तेव्हा हाच प्रश्न याच ग्रुपवर तुम्ही मला विचारला होतात. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाचीच.

तेवढ्यात नर्सने आईचं नाव पुकारलं. आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला घ्या ओ आधी, आमी बोलतोय." तोवर आणखी दोघी सरकून तिच्याजवळ बसल्या होत्या.

इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

तुमच्या घरी कुणी "भात सोडलाय" म्हणत असेल, तर आज जेवायला बसायच्या आधी विचाराल का, भाकरी कसली?