मासोळीच्या जाळ्यातला गोल

“गोल होता तो! डोयात तणीस गेलं का बे तुह्या? गोल होता!”

पंच अजून पळत नव्हता, पण पळायच्या तयारीत होता. कारण मासोळ्या विकणारी आमच्या गावची बाई मैदानात शिरली होती. तिच्या हातात मासोळ्यांची रिकामी टोपली होती आणि ती तिने अशी उगारली होती, की आता ही पंचाला टोपलीत घालून थेट आरमोरीच्या बाजारात नेते आणि वाट्यावर विकते, असं आम्हाला वाटलं. चेंडू गोलाच्या मागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात रुतून बसला होता. तो दोन खांबांच्या मधून गेला हे आमच्या गावच्या प्रत्येक माणसाने पाहिलं. माझ्या आजोबांनीही पाहिलं असतं, पण ते वारल्याला बरीच वर्षं झालीत. पंचाने मात्र तो खांबाच्या बाहेरून गेलेला पाहिला. खांबांना जाळी नव्हती. तणसाला जीभ नव्हती. बल्लारपूरची पोरं तो अंतिम सामना जिंकून, आमच्याच हातचा मुरमुऱ्याचा चिवडा खात, गाडीत बसून गेली.

गोल मारला होता बाईच्या नातवाने. तो तणसाच्या ढिगाजवळ उकिडवा बसला आणि चेंडूकडे बघत राहिला, जणू चेंडूच आता उठून साक्ष देणार होता.

इथे आमच्या क्लबाचं सांगायला पाहिजे. क्लबात संघ दोन. एक मोठ्यांचा, एक सोळा वर्षांखालच्या पोरांचा. मोठ्यांचा संघ कागदावर फार तगडा. पण त्यातली बचावाची फळी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात पाळीवर गेली, पुढची फळी सूरजागडकडे खाणीच्या ट्रकवर गेली, आणि मैदानावर राहिले ते कमरेवर हात ठेवून उभे राहणारे. एकदा त्यांनी असा देखणा गोल केला की आम्ही टोप्या उडवल्या. खाली आल्यावर कळलं, गोल आपल्याच बाजूला झाला होता. तेव्हापासून गावाने मोठ्यांचा नाद सोडला आणि पोरांचा धरला.

धरला म्हणजे कसा? माझा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, झाडीपट्टीची नाटकं, सगळीकडे माझा भोंगा. पण पोरांचा सामना असला की लग्नाची सुपारीसुद्धा मी परत करतो. एका नवरदेवाने तर माझ्यासाठी मुहूर्त पुढे ढकलला आणि वरात घेऊन मैदानावर आला. नवरी म्हणे पूर्ण वेळ बघून गेली, नवरदेव अर्ध्या वेळेतच झोपला. एकदा आम्ही पोरांसोबत वडसा स्टेशनावरून बल्लारपूरला गेलो, तेव्हा ढोल, भोंगे, बॅटरी आणि बाईची भात-मासोळीची गंजी, म्हणजे मोठं पातेलं, असं सगळं एका डब्यात चढवलं. टिकिटं सगळ्यांची काढली होती, यावर अजून कोणाचा विश्वास बसत नाही. आणि छत्तीसगडातून हत्तींचा कळप आपल्याकडे उतरला होता ते तुम्ही ऐकलं असेल. तो आमच्या गावाच्या शिवेवरून मागे का फिरला, हे वनखात्याने कधी विचारलं नाही. त्या दिवशी पोरांचा सामना होता आणि माईक बाईच्या हाती होता. शाल-श्रीफळ अजून यायचं आहे.

तर तो गोल गेला, सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशी क्लबाचे अध्यक्ष चावडीसमोर उभे राहिले. अध्यक्ष क्रिकेटवाले. फुटबॉलच्या क्लबाचे अध्यक्ष क्रिकेटवाले कसे, हे मला विचारू नका, आमच्याकडे भजनी मंडळाचा अध्यक्षसुद्धा मुका होता.

“पोरं हरतेतच,” अध्यक्ष म्हणाले. “पुढच्या वर्षी हाच सामना जिंकले तर ठीक. नाई तर पोरायचा संघ बंद. मैदान क्रिकेटले.”

“आन् पोरं कुठी जातीन?” बाईने विचारलं.

“पोरं काय, कुठीबी जातीन.”

बाईने टोपली डोक्यावर घेतली आणि न भांडता घराकडे निघाली. ते बघून मी घाबरलो. बाई भांडत नाही म्हणजे तलावाने पाणी सोडण्यासारखं आहे, खाली कोणाची तरी धानाची बांधी वाहून जाणार.

पुढच्या पावसाळ्यात धानाची रोवणी झाली तेव्हाच अध्यक्षांनी क्रिकेटची मॅट आणून मैदानाच्या कडेला ठेवली. हिरवी, जाड, गुंडाळलेली, मेलेल्या अजगरासारखी. पोरं सरावाला आली की आधी ती मॅट बघायची आणि मग चेंडू बघायची. नातू तर पायाला चेंडू लागला तरी मान वळवून तिकडेच बघे. पोरांना शिकवणारे शाळेतले गुरुजी म्हणाले, “यांचे पाय नाई, यांची नजर अडकून राह्यली.”

बाईने तोड काढली. “मागच्या वर्षी आपण हरलो काऊन? गोल नव्हता म्हनून? नाई. जाळी नव्हती म्हनून.”

मी म्हणालो, “नागपूरवरून मागवू.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बेडूक आहे आणि तिने मला मासोळी समजून उगाच पकडलं.

“नागपूरवरून जाळं? तलावाच्या काठी बसून? आमी का मेलो का गा?”

बाईचा मोहल्ला हा तलावावर आणि वैनगंगेवर जगणारा. तिथे पोरगं चालायच्या आधी गाठ मारायला शिकतं. पावसाळ्यात मासोळीची पिल्लं असतात, तेव्हा जाळी घरात सुकतात आणि हात रिकामे असतात. त्या रिकाम्या हातांनी आमच्या गोलांची जाळी विणायला घेतली. बाई, तिच्या दोघी जावा, शेजारची म्हातारी, ज्यांना फुटबॉल म्हणजे एका चेंडूमागं इतकी पोरं काऊन पळतात हेच कळत नव्हतं, त्यासुद्धा ओसरीवर बसल्या. मीही विणलं. माझी गाठ बाईने उसवली, हे खरं आहे, पण विणलं.

जाळं तयार झालं आणि गुरुजी खांबांना लावायला आले. लावलं आणि खालची कड हातात घेऊन उलटसुलट बघू लागले.

खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या होत्या. वरच्या कडेला थर्माकोलचे तरंगते तुकडे होते. आणि खालची कड आतल्या बाजूला दुमडून जागोजागी टाचली होती, त्यामुळे सगळीकडे खिसेच खिसे. फेकायच्या जाळ्याला असतात तसे, मासोळी खाली पळाली की खिशात शिरते आणि अडकते.

“बाई,” गुरुजी म्हणाले, “हे गोलाचं जाळं हाय.”

“मंग?”

“चेंडू पोहत नाई.”

“बसन तर खरा.”

बसला. असा बसला की सरावात प्रत्येक गोलानंतर खेळ थांबवायला लागे. चेंडू खिशात शिरायचा आणि दोघातिघांनी जाळ्याची कड उचलून, हात घालून, तो ओढून काढायचा. गुरुजी वैतागले. खिसे उसवा म्हणाले. बाई म्हणाली, “उसवते. सामना झाल्यावर.” दुसरं जाळं विणायला वेळ नव्हता, आणि बाईशी भांडायला माणूस नव्हता.

धान कापून झालं, तणसाचे ढीग उभे राहिले, आणि सामन्याचा दिवस आला. गर्दी किती? मी आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की गावात त्या दिवशी चोरी करायला चोर मिळाला नाही, कारण चोर माझ्या शेजारी बसला होता. बसायला जागा कमी पडली तेव्हा लोकांनी अध्यक्षांची मॅट ओढली आणि तिच्यावरच बैठक मारली. अध्यक्ष लांबून “उठा! मॅट हाय ते!” ओरडत होते. एका म्हाताऱ्याने उत्तर दिलं, “म्हनून तं बसलो. सतरंजी पातळ हाय.”

पंच नवीन होता. त्याने जाळं बघितलं आणि शिशाच्या गोळ्या हातात घेतल्या.

“हे काय?”

“खालून निघून जाऊ नये म्हणून,” बाईने मैदानाबाहेरून सांगितलं.

“काय निघून जाऊ नये?”

“जे येईल ते.”

पंचाने स्वतः चेंडू जाळ्यात मारून बघितला. चेंडू आत बसला. वरचे थर्माकोलचे तुकडे किंचित डुलले. त्याने नियमाचं पुस्तक आठवलं असावं, त्यात थर्माकोलबद्दल काही सापडलं नसावं. त्याने शिट्टी वाजवली.

पहिला गोल बल्लारपूरने मारला. तोही आमच्याच जाळ्याने पकडून ठेवला, आणि पाहुण्यांना आपला चेंडू काढायला आमच्या पोरांची मदत घ्यावी लागली.

“बघा बाई, तुमचं जाळं त्यायचं काम करून राह्यलं,” मी माईकवरून म्हणालो.

“जाळं बेइमानी नाई करत,” बाई म्हणाली. “तू माईकवर मन लाव.”

मी लावलं. भोंगे असे तापले की त्यांच्यावर म्हातारीने पापड भाजला असता. आणि पोरांनी बरोबरी केली! कशी केली ते मला दिसलंच नाही. चोराने मला मिठी मारली होती आणि मी माझा खिसा धरून होतो.

आता वेळ संपत आलेली. पुन्हा तीच बाजू, मागे तोच तणसाचा ढीग. उजवीकडून चेंडू आला आणि बाईच्या नातवाने तो असा मारला, की त्या आवाजाने तलावातले बगळे उडाले, आणि त्यातले काही अजून परत आले नाहीत. त्याच क्षणी गोलकीपर, दोन बचाववाले, आमचा आणखी एक पोरगा, सगळे एकमेकांवर आदळले आणि जाळ्यात कोसळले. धूळ. तणसाचा भुसा. पाय कोणाचे, डोकं कोणाचं, काही कळेना.

पंच धावत आला. बल्लारपूरचा गोलकीपर ढिगाखालूनच ओरडला, “बाहर गया! खंबे के बाहर से गया!”

मागचं वर्ष तसंच्या तसं समोर उभं राहिलं. नातू उभाच होता, हात खाली सोडून. मॅटवर बसलेली माणसं उठून उभी राहिली, आणि मोकळी मॅट ऐन वेळी फार हिरवी दिसली.

पंचाने ढिगाऱ्यातून एकेक पोर बाजूला केलं. चेंडू नव्हता. खांबाबाहेर बघितलं. नव्हता. दोघेजण तणसाच्या ढिगात शिरले आणि शिंकत बाहेर आले. तिथेही नव्हता. चेंडू हवेत विरून गेला होता! मी आयुष्यात पुष्कळ गप्पा मारल्या आहेत, पण ही मी मारलेली नाही.

तेव्हा बाई ओरडली. माईकशिवाय. मला खात्री आहे की हत्तींनी पुन्हा कान उचलले असतील.

“तणसात का शोधता रे! जाळं उचला! खालून उचला!”

पंचाने खाली वाकून शिशाच्या गोळ्यांची कड उचलली. खांबाला लागून असलेल्या खिशात, आतल्या बाजूने, दुमडीत घुसून, पोट फुगलेल्या मोठ्या मासोळीसारखा चेंडू पडून होता. बाहेरून तिथे शिरायला वाट नव्हती. शिरायची वाट फक्त आतून होती, तशी ती असावी म्हणूनच तर खिसा करतात. पंचाने हात घातला, ओढला, चेंडू निघेना. दुसरा हात घातला. गोलकीपरने बिचाऱ्याने स्वतःच कड धरून मदत केली आणि चेंडू निघाल्यावर म्हणाला, “हां, अंदर ही था.”

शिट्टी वाजली. गोल!

त्यानंतर जे झालं ते मी थोडं कमी करूनच सांगतो. ढोल फुटले. माझा एक भोंगा झाडावरून खाली उडी मारून नाचला. बल्लारपूरच्या पोरांनाही आम्ही नाचवलं, चिवडा दिला, वर भात-मासोळी दिली. नातवाला लोकांनी इतकं वर उचललं की त्याला म्हणे तिथून वैनगंगा दिसली. चोराने त्या दिवशी स्वतःच्या खिशातून लाडू वाटले. म्हातारीने पहिल्यांदाच विचारलं, “आपन कोनत्या रंगाचे होतो?”

मग अध्यक्ष माझ्या माईकजवळ आले. गुलाल त्यांच्याही कपाळाला लागला होता, कोणी लावला माहीत नाही. म्हणाले, पोरांच्या संघावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता, आणि हा संघ गावाची शान आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हात थांबतच नव्हते. त्यांनी बाईला पुढे बोलावलं, शाल घातली आणि सगळ्यांसमोर हात पसरून म्हणाले, “बाई, आज मांगा. जे पाहिजे ते मांगा.”

मी माईक बाईच्या तोंडाजवळ नेला. गाव थांबलं. नातूही लोकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

बाईने शाल काढून घडी केली, काखेत धरली आणि म्हणाली, “ते मॅट उचला. सोमवारी पोरायचा सराव हाय.”