बादलीतल्या तपकिरी कोळंब्या

कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेडमास्तरांचं काम एकच. दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली उभं राहायचं आणि नमुन्याच्या रंगछटेशी न जुळणारं कापड बाजूला काढायचं. सव्वीस वर्षं नापास करून करून थकलेला माणूस घरी आल्यावर निदान खुर्चीत पडेल. हे गृहस्थ घरी येऊन पुन्हा तेच करत. पलंगाच्या पायथ्याशी त्यांची काचेची टाकी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराहूनही लहान निळ्या कोळंब्या. खायच्या नव्हेत, बघायच्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिला काही वेळकाळ तरी असावा, असं बायकोचं मत होतं.

सात वर्षांपूर्वी त्यांनी फिकट निळ्या बारा कोळंब्या आणल्या. दर पिढीत ज्या पिल्लाचा रंग उतरलेला, ते जाळीने उचलून बादलीत. गडद निळी तेवढी टाकीत. सगळी एकत्र राहिली तर थोड्याच पिढ्यांत ओढ्यातल्या मूळ कोळंबीसारखी तपकिरी होऊन बसतात. नापासांना मारायला मात्र मास्तरांचा हात धजत नसे. म्हणून मोरीशेजारी ती बादली, आणि तिच्यात ही गर्दी.

शोभेच्या माशांचा एक दुकानदार रविवारी चाळीस निळ्या न्यायला येणार होता. "मास्तर, तुमची निळी म्हणजे निळीच," असं तो चारचौघांत म्हणाला होता. मास्तरांना आयुष्यात मिळालेलं प्रशस्तिपत्रक एवढंच. नेमकं त्याच सुमारास हर्नियाचं ऑपरेशन निघालं. इस्पितळात जाताना त्यांनी बायकोला कागदावर सगळं लिहून दिलं. खाणं चिमटीभर, डासांचा फवारा अजिबात नको, नळाचं पाणी शिळं करूनच घालायचं. अशी बावीस कलमं होती.

आठ दिवसांनी पोट धरून घरी आले ते थेट टाकीपाशी. निळ्यांच्या बरोबरीने तपकिरी कोळंब्या शेवाळावर निवांत चरत होत्या.

"मीच सोडल्या," बायको म्हणाली. पुढचं ऐकायला मास्तर थांबले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तपकिरी काढता आल्या असत्या, पण मादी कात टाकते तेव्हाच नर तिला गाठतो. आठ दिवसांत कुणी कुणी कात टाकली आणि कुणाच्या पोटाखालची अंडी कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पिल्लं मोठी होईपर्यंत काहीच कळणार नव्हतं. सात वर्षांवर बोळा फिरला होता. रविवारपर्यंत ते बायकोशी एक शब्द बोलले नाहीत.

रविवारी दुकानदार पिशव्या घेऊन आला. तपकिरी मास्तरांनी उचलून परत बादलीत टाकल्या होत्या, त्यामुळे टाकीत आता निळ्याच दिसत होत्या. मूग गिळून बसले असते तर कुणालाही पत्ता लागला नसता, आणि मास्तर इतके थकले होते की तसं बसावंसं त्यांना खरंच वाटलं. तरी सांगून टाकलं.

दुकानदार हसला. "अहो, चालतंय. गिऱ्हाईक महिन्याभरात पाणी बिघडवून मारतंच. पिल्लांपर्यंत पोचतं कोण?"

म्हणजे ते प्रशस्तिपत्रक असं होतं. मास्तरांनी कोळंब्या द्यायला नकार दिला. दुकानदार डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघावं तसा बघत रिकाम्या पिशव्या घेऊन गेला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"मिसळायच्या नाहीत, हे कागदावर कुठे होतं?"

"त्यात काय लिहायचं? सात वर्षं तेच तर करतोय."

"करताय, पण माझ्याकडे पाठ करून. मला वाटायचं, आजारी असतात त्या बादलीत ठेवता. बऱ्या दिसल्या, म्हणून म्हटलं, तुम्ही घरी यायच्या आत त्यांनाही घरी सोडावं."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. सात वर्षांत त्यांनी तिला एकदाही टाकीपुढे बसवून काही दाखवलं नव्हतं. चार दिवस जो राग तिच्यावर धरून ठेवला होता, तो आता कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.