शेवटचा हात सोन्याचा

हमरापूरच्या बाजूला गणपतीचे डोळे काढणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण सरूने काढलेले डोळे व्यापारी लांबून ओळखतात. मूळची ती खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन सासऱ्याच्या, म्हणजे काळुरामच्या, कारखान्यात आली तेव्हा तिला ब्रश नीट धरताही येत नव्हता. सासऱ्यानेच शिकवलं. काळुराम मोजकं बोलायचा आणि त्याचा नियम एकच होता. मूर्ती केवढीही असो, उंबऱ्याबाहेर जाण्याआधी तिच्यावर सोन्याचा हात फिरला पाहिजे. मुकुटावर, पाटाच्या कडेला, काहीच नाही तर उंदराच्या शेपटीवर, पण चिमूटभर सोनेरी पावडर लागलीच पाहिजे. त्याशिवाय काम पुरं झालं असं तो मानत नसे. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सरूचा हात अजून तसाच चालतो.

काळुरामची मुलगी बायजा, म्हणजे सरूची नणंद, रोह्याला दिली आहे. तिथे ती दिनानाथ साहेबांकडे चौदा वर्षं घरकाम करते. साहेब धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. बायको गेली, मुलगी परदेशात. जीव रमवायला त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली आहे. आत जिवंत प्रवाळ, नारिंगी मासे, चिमुकल्या गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन कोळंब्या. साहेबांनी पाण्यात हात घातला की कोळंब्या येऊन त्यांची नखं साफ करायच्या. माशांना खाणं घालायचं आणि आटलेलं पाणी रोज भरून काढायचं काम बायजाचं. घराची एक किल्ली तिच्याकडेच असे.

टाकीला एकच दुखणं होतं, वाळू. प्रवाळाला वाहतं पाणी लागतं, म्हणून आतले पंप जोरात चालत. त्या जोराने तळाची वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग व्हायचा, बाकी काच उघडी पडायची, आणि ढिगाखाली घाण कुजायची. साहेबांनी वाचलं होतं की प्लास्टिकच्या सपाट पाटीवर वाळू कायमची चिकटवून खोटा तळ करता येतो. दिसायला वाळूच, पण उडत नाही आणि खाली घाण धरत नाही. प्रश्न असा की ते हाताने करणार कोण. बायजा म्हणाली, माझी वैनी करील.

मापाची पाटी, प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू आणि इपॉक्सी नावाच्या पक्क्या गोंदाचे दोन डबे घेऊन बायजाच आली. साहेबांनी सरूच्या फोनवर निरोप पाठवला होता. त्यात ते सावकाश बोलत होते, शाळेत सांगावं तसं. “इपॉक्सी आणि वाळू. तिसरं काही नको.”

दिवाळी होऊन गेली होती, रंगकाम थंडावलेलं. सरूने पाटी ओट्यावर घेतली आणि पाच दिवस खपली. ओहोटी लागल्यावर खाडीच्या तळावर ज्या वळ्या उरतात त्या तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या. तशाच तिने इपॉक्सीत बोटांनी ओढल्या, वर चुरा भुरभुरवला, तळव्याने दाबला, वाळल्यावर झटकून पुन्हा एक थर दिला. चौथ्या दिवशी ती लांब उभी राहून बघू लागली तर पायांना गार लागेल असं वाटलं. तरी काहीतरी राहिलं होतं. तिने फळीवरचा सोनेरी पावडरीचा डबा काढला.

तिसरं काही नको, हे तिला आठवलं. आठवलंच नाही असं पुढे ती स्वतःलाही सांगू शकली नाही. पण चिमूटभराने काय होतंय, असं म्हणून तिने खोलगट वळ्यांत इपॉक्सीचा ओला हात फिरवला आणि तळहातावरची पावडर हलकेच फुंकली. उन्हात वाळू चमकावी तशी पाटी चमकली. बायजा ती जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेली. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. घरात समुद्र आल्यासारखं वाटतंय, म्हणाले. सरूने ते वाक्य कारखान्यात चौघांना सांगितलं. पाचव्याने विचारलं नव्हतं, त्यालाही सांगितलं.

तीन आठवड्यांनी, भर आठवड्यात, बायजा पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

आधी गोगलगायी काचेवर चढेनाशा झाल्या होत्या, तिने सांगितलं. मग एका सकाळी दोन्ही कोळंब्या तळाला पडलेल्या, उकडल्यासारख्या. प्रवाळ मिटून गेले. साहेबांनी पाणी तपासलं तर त्यात तांबं निघालं. कोळंबीला, प्रवाळाला तांबं म्हणजे विष. आता घरात तांबं कुठून येणार? साहेबांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथला तांब्या आणि ताम्हण दर गुरुवारी चिंच लावून बायजाच घासायची. त्या तांब्याने तुम्ही टाकीत पाणी ओतलंत, साहेब म्हणाले. तिने सांगितलं, प्लास्टिकच्या मगाशिवाय मी कधी दुसरं घेतलं नाय. ते ओरडले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवा, बायजाबाई, एवढंच म्हणाले.

सरू ऐकत होती. तिच्या डोक्यावरच्या फळीवर गेल्या वर्षीच्या न खपलेल्या मूर्ती होत्या. पावसाळ्याच्या दमट हवेने त्यांचे मुकुट हिरवट पडले होते. दर वर्षी पडत, दर वर्षी त्यांना नवं सोनं लावावं लागे. काळुराम म्हणायचा, सोनं कसलं, पितळेचा भुगा तो, त्यात तांबं हाय, हिरवं व्हणारच. सरूला सगळं त्याच क्षणी कळलं.

तिने चहा ठेवला. पाठमोरी राहूनच म्हणाली, “सायब लोक असंच करतात गो. मनाला लावून घेऊ नको.”

हे बोलताना आपला आवाज किती सहज निघाला, याचीच तिला पुढे जास्त लाज वाटली.

बायजा राहिली. बसून खायची तिला सवय नव्हती, म्हणून दिवसभर मूर्तींना पॉलिशपेपर मारी. सरू तिला पहिली भाकर वाढायची, माशातली चांगली तुकडी द्यायची, आंघोळीला पाणी काढून ठेवायची. बायजा म्हणाली, वैनी, मी पाहुणी हाय का? सरूने डोळे काढायला घेतले तर तीन मूर्तींचे डोळे खाली झुकले. तिने ते पुसून काढले.

चौथ्या दिवशी हातातला कागद थांबवून बायजा म्हणाली, “वैनी, मीच टाकलं असंल गो. सवयीनं. हातात तांब्या असला तर माणसाला ध्यान राहत नाय.”

 दुसऱ्या दिवशी, पेणला रंग आणायला जाते असं सांगून सरू रोह्याच्या गाडीत बसली.

दिनानाथ साहेबांनी दार उघडलं. बैठकीत टाकी तशीच होती, पण उरलेले मासे एका प्लास्टिकच्या टबात हलवलेले. सरू उभ्याउभ्याच बोलली. सोनेरी पावडर लावली, नको सांगितलं होतं तरी लावली, आणि बायजाने काही केलं नाय. साहेबांनी बाह्या सारून पाटी बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेली. वळ्यांच्या खोलात बारीक हिरवी रेघ धरली होती. त्यांनी ती नखाने खरवडून बघितली.

“तीस वर्षं रसायनांत काढली मी,” ते म्हणाले. “पाटीकडे बघायला हवं होतं. मी बायजाबाईंकडे बघितलं.”

त्यांनी किल्ली सरूच्या हातात दिली. मी त्यांना फोन करतो, म्हणाले, पण आधी तुम्ही सांगा.

येताना गाडीत तिने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. कारखान्यात शिरल्यावर ती बायजासमोर ठेवली आणि सांगून टाकलं. बायजाने ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं.

“तुला कधी कळलं?”

“तू आलीस त्याच दिवशी.”

बायजाने अंगावरचा भुगा झटकला. “म्हंजे काल मी बोलले तवा तुला ठाव होतं,” ती म्हणाली. “आणि आज पयलं सायबाला जाऊन सांगितलंस.” किल्ली पदराला बांधून ती संध्याकाळच्या गाडीने गेली. सरू स्टेशनपर्यंत सोडायला निघाली, तर नको म्हणाली.

महिन्याने साहेबांनी नवी पाटी पाठवली. सरूने पुन्हा तशाच वळ्या ओढल्या. सोन्याचा डबा तिने आधीच माळ्यावर टाकला होता, तरी काम संपल्यावर तिचा हात दोनदा फळीकडे गेला. पाटी न्यायला बायजा आली. आल्या आल्या पाणी प्यायली, बसली नाही. तिने पाटी उचलून दारातल्या उन्हात धरली. आधी एका बाजूने तिरपी, मग दुसऱ्या बाजूने. एकेका वळीतून बोट फिरवलं आणि बोटाचं टोक उन्हात बघितलं. कारखान्यातले सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. सरू हात बांधून समोर उभी होती. तिने एकदाही म्हटलं नाही, की काही नाय लावलंय.

शेवटची वळी झाल्यावर बायजाने पाटी खाली ठेवली.

“गुंडाळ,” ती म्हणाली.