नानाय रोसिंग आणि रेडिओचा हुकूम

सिंगापुरात यिशुनला निशिकांत आणि उल्काच्या फ्लॅटमध्ये कामाला जी बाई होती ती फिलिपिन्सची. नाव लुझविमिंडा. एवढं नाव घेईस्तोवर दूध उतू जातंय, म्हणून घरात ती मिंडा. आठ वर्षांत तिला मराठी समजायला लागलं, ते बी कराडकडचं. कारण निशिकांतची आई, मीनाक्षीआत्या, दर साली येऊन राहायच्या आणि त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. शिकायची इच्छा बी नव्हती.

मिंडाचं गाव पनाय बेटावर, दर्याच्या काठाला. तिच्या लहानपणी गावात एकच रेडिओ, तिच्या आईचा. दुपारी त्यावर रोजचं नाटक लागायचं आणि बाया मासळी साफ करत ऐकायच्या. एकदा नाटकातली सून मेली. त्यांच्यात माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना घालतात. गावानं त्या सुनेची बी घातली, जेवणासकट. जेवणं आटोपली आणि सून नाटकात चालत परत आली. पाद्री लई चिडला. मिंडाची आई म्हणाली, "आपण प्रार्थना केली म्हणूनच उठली."

पुढं सरपंचाकडं टीव्ही आला, गाव त्याच्या खिडकीला लटकलं. मग मोबाईल आला, गाव फेसबुकात शिरलं. मिंडाची आई रोसिंग, त्यांच्या बोलीत आईला नानाय म्हणून नानाय रोसिंग, रेडिओपाशीच राहिली. टीव्हीवर माणसं नट्टापट्टा करून खोटं बोलतात आणि फेसबुकावर तसंच बोलतात, असं तिचं म्हणणं.

२०१९च्या डिसेंबरात बेटाकडं वादळ निघालं. मिंडानं मोबाईलवर नकाशा बघितला, कणीक तशीच टाकली आणि फोन लावला.

"नानाय, उद्या वादळ येतंय. टेकडीवरच्या शाळेत जा."

"कोण म्हणतंय?"

"फेसबुक."

"रेडिओनं काय सांगितलेलं नाही." फोन बंद.

घर बांबूचं, लाटेच्या तोंडाशी. म्हातारी तिथंच बसली तर घराबरोबर जाणार, हे मिंडाला कळत होतं. तिनं परत लावला. परत तेच.

उल्का म्हणाली, "शेजाऱ्यांना सांग ना, उचलून नेतील."

"मॅम, ती चावते," मिंडा म्हणाली. हसली नाही.

मीनाक्षीआत्या लसूण सोलत होत्या. "अगं, आमच्यात बी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं नाव पुकारल्याबिगर कोण हलत न्हाई. तुझ्या आईचं नाव घ्यायला सांग की त्या रेडिओवाल्याला."

रेडिओवाला बी एव्हाना फेसबुकावर आला होता. मिंडानं त्याला निरोप लिहिला. पण त्यांच्यात निरोपाआधी समद्या नात्यागोत्याला नमस्कार सांगायची रीत. एखादं नाव राहिलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. वादळ असलं म्हणून काय झालं, तिनं समदी नावं घातली.

मग रेडिओवर आणि फेसबुकावर एकदमच कार्यक्रम सुरू झाला. ज्याचा आवाज ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली, तो माणूस तिला पहिल्यांदा दिसला. बनियनवर होता, टेबलफॅनपुढं बसून शेंगा खात होता.

"सिंगापूरहून लुझविमिंडा नमस्कार सांगते. मामी नेनिता, मामा बेर्तो..."

असं बराच वेळ चाललं. मग खताची जाहिरात लागली. तेवढ्यात आईचा फोन.

"नेनिताचं नाव आधी? बंद करते मी रेडिओ."

"नको! नानाय, तुझं पुढं हाय!"

"काय म्हणती?" आत्यांनी विचारलं.

"रुसली."

"मग ऐकती हाय. बरं झालं."

जाहिरात संपली. शेंगा गिळून तो माणूस म्हणाला, "आणि काठावरच्या नानाय रोसिंग. तुमची लेक सांगते, शाळेत जा. मी बी सांगतो. आत्ताच्या आत्ता."

फोनवर म्हातारी म्हणाली, "ऐकलंस? माझं नाव घेतलं."

"ऐकलं."

"मग ठेव फोन. मला निघायचंय."

वादळानं घराचं छप्पर नेलं, मागची भिंत बी नेली. म्हातारी शाळेत बाकावर बसून होती, मांडीवर रेडिओ.

आभाळ मोकळं होऊन दोन दिवस झाले. मिंडाच्या भावानं शहरातनं येऊन नवं छप्पर घातलं, भिंत बी उभी केली. मिंडानं फोन केला, "नानाय, घरी जा आता."

"शाळेत जा म्हणून सांगितलं होतं. परत जा म्हणून कुठं सांगितलंय?"

मिंडानं गॅस बारीक केला आणि रेडिओवाल्याला लिहायला बसली.

"आता काय?" आत्या म्हणाल्या.

"आई शाळेतच हाय."

"एकटी?"

"न्हाई. तिच्याकडं बघून समदं गाव बसलंय."