टेगवेन आल्टोचा सूर

आमच्या गावात टेगवेन नावाच्या बायका तीन. एक दुकानवाली, एक टपालवाल्या हिवेलची बायको, आणि तिसरी टेगवेन आल्टो. ही गोष्ट तिसरीची.

आता आल्टो म्हणजे काय, तर आम्ही वरच्या आवाजाच्या बायका गाण्याची चाल मिरवत पुढे जातो आणि आल्टोवाल्या त्याच शब्दांना खालचा, वेगळाच सूर लावून मागून सामान उचलून येतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. नसल्या की मात्र गाणं अळणी लागतं.

टेगवेन लहानपणी चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, आईच्या मांडीवर आल्टोंच्या बाकावर बसली, ती कायमचीच. गाई पिळताना आल्टो, भांडी घासताना आल्टो. खोटं वाटेल, पण मूळ चाल तिला येतच नाही. पोरगा झाला, गेथिन, त्यालाही तिनं हाच सूर गाऊन झोपवलं. पुढे शाळेत बाईंनी त्याला भजन म्हणायला उभं केलं, आणि ह्यानं छाती काढून आईचा आल्टो लावला. वर्ग हसून लोळला. गेथिननं तोंड मिटलं, ते मिटलंच.

आज तो पन्नाशीला आलाय, मेंढ्यांच्या खाद्याचा ट्रक चालवतो. कोकरांच्या जन्माची धावपळ संपून मे महिन्यात आमच्या चॅपलमध्ये गाण्याचा दिवस असतो, तेव्हा स्वारी येते ती फक्त मागच्या खोलीतल्या चहासाठी. मी त्याला म्हणते, तुझा देव किटलीत राहतो रे. तो हसतो आणि मनुकांच्या पावाचा अजून एक तुकडा उचलतो.

टेगवेन हसत नाही. एकदा अंडी द्यायला आली होती, तेव्हा दारातच म्हणाली, "मी पोराला गाणंच चुकीचं दिलं गं."

यंदा आल्टोंच्या बाकावर ती एकटीच उरली. एक लेकीकडे कार्डिफला गेली, दुसरीला दम लागतो. गाणं चालवायला पलीकडच्या खोऱ्यातून इडवाल सर आले होते, भला माणूस. दुपारच्या तालमीत ते तिला म्हणाले, एकट्या कशाला ओढताय, ह्या बायकांच्या चालीत मिसळा.

"मला ती चाल येत नाही," टेगवेन म्हणाली.

आम्ही फिसकन हसलो, सगळ्यांत आधी मी. सर म्हणाले, मग जमेल तेवढं हळू गा. म्हणजे सोडून द्या, हे तिलाही कळलं. चहाला बसली तर पावाला हात लावेना. मी काहीतरी चेष्टा करायला गेले, तर म्हणाली, "आज माझा सूर ऐकू नाही आला, तर पुढच्या वर्षी मी इथे येऊन करू काय?"

मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

संध्याकाळी चॅपल गच्च भरलं. शेवटचं भजन आलं. शेवटचं कडवं संपलं की सर बोट गोल फिरवतात, म्हणजे पुन्हा घ्यायचं. पुन्हा घेतलं, आणि मागून पुरुषांचे खर्जातले आवाज असे चढले की टेगवेन बुडाली. तिचे ओठ हलत होते, बास. सरांनी पुन्हा बोट फिरवलं, तिसऱ्यांदा घ्यायला.

तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारातून तोच सूर आला. खाली, जाडाभरडा, ट्रक चढावर निघावा तसा, पण टेगवेनचाच, जिथल्या तिथे. दारात गेथिन उभा, हातात कप. पुरुषांनी माना वळवल्या आणि आपसूक आवाज हळू केले.

टेगवेननं मागे पाहिलं नाही. टोपी नीट केली आणि तो सूर त्याच्याकडून उचलला. मी चाल गात होते, पण कान सगळे त्या खालच्या सुरावरच होते. इडवाल सरांनी हात खाली केलेच नाहीत. बोट पुन्हा फिरलं, आणि पुन्हा.

नंतर मी गेथिनला गाठलं. विचारलं, काय रे, आल्टो कधी शिकलास?

तो गोंधळला. "कसला आल्टो, मावशी? मी आपलं गाणं म्हटलं. आईनं शिकवलेलं."

टेगवेन तिथेच उभी होती. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "कप खाली ठेवून गावं, गेथिन. श्वास पुरतो."