वहिनीच्या ट्रकसाठी इंग्रजीत अर्ज

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठेही सांगतो, इथेही सांगून टाकतो. पण त्या पदवीचा घराला पहिला उपयोग झाला तो नोकरीसाठी नाही, वहिनीच्या ट्रकसाठी.

ट्रक कॉम्प्युटरमधला. गोंदियाच्या बाजारातून मी ट्रक चालवायच्या गेमची डीव्हीडी आणली. मी दोन दिवसांत कंटाळलो, वहिनी मात्र बसली ती उठेचना. तिचे वडील ट्रक ड्रायव्हर. लहानपणी कोहमाऱ्याला त्यांच्या केबिनमध्ये चढून ती रायपूरपर्यंत गेलेली. दुपारची भांडी आवरली की ती पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसे. वर्षभरात तिनं गेममध्ये सात ट्रकांची कंपनी उभी केली.

एक दिवस मी नेटचं डोंगल लावून गेम अपडेट केला आणि पडद्यावर हुकूम आला: खातं उघडा. दर वेळी नेट जोडून कोड टाका, तरच गेम सुरू होईल.

"भाऊजी, हे काय मांगून राहिलं?"

"खातं, वहिनी."

"कायले? डीव्हीडी आपली, कॉम्प्युटर आपला. माझ्याच ट्रकात बसाले मी याले विचारू?"

उघडलं खातं. आमच्याकडे गॅस, वीज, सगळं बाबांच्या नावावर. हेही सवयीनं त्यांच्याच नावावर आणि त्यांच्याच मोबाइल नंबरवर टाकलं. झालं! कोड जाई बाबांच्या खिशात आणि बाबा मुर्रीच्या शेतात, धानाच्या बांधीत. फोन घरी ठेवायला ते तयार नाहीत, आणि शेतात वाजला तर उचलत नाहीत. मी शेताच्या कडेला धुऱ्यावरून ओरडायचो, ते चष्मा शोधून एकेक आकडा ओरडून सांगायचे, मी धावत घरी पोचेपर्यंत कोड बाद! "कायचा कारभार होय बे हा?" बाबा विचारायचे. त्यात डोंगलला खोलीत धड रेंज नाही. चार दिवसांनी वहिनी म्हणाली, "राहू द्या भाऊजी. गेली माझी कंपनी."

ते मला लागलं. रेंजसाठी गच्चीवर चढलो, मोबाइलवर गेमवाल्यांचं पान उघडलं, तर काय! जगभरचे खेळाडू पेटलेले! कोणी गेम परत करतोय, कोणी शिव्या घालतोय. मी धडाधड जिना उतरून वहिनीला सांगितलं.

ती म्हणाली, "शिव्या देऊन तहसीलमधलं तरी काम होते का? अर्ज करा. सह्या घ्या."

बसलो की! फुलस्केप कागदावर, झाडून सगळं इंग्रजीत. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय: स्वतःच्या ट्रकात बिनखात्याने बसू देणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून. तीन वेळा खोडलं, स्पेलिंग डिक्शनरीत पाहिलं. खाली वहिनीची सही, बाबांची सही. शेजारच्या काकूंनी गेम कधी पाहिलाही नव्हता, पण अर्ज म्हटल्यावर अंगठा देऊन मोकळ्या झाल्या. कागदाचा फोटो काढला आणि त्या पानावर चढवला.

संध्याकाळपर्यंत त्या फोटोखाली रांग! 'माझीही सही धरा.' 'माझीही.' एकानं तर काकूंसारखा निळा अंगठा उमटवून फोटो टाकला. आम्ही दर तासाला गच्चीवर.

"हा कुठचा?"

"ब्राझीलचा, वहिनी."

"ट्रकनं जाता येते का तिथं?"

"मधे समुद्र आहे."

"मंग राहू द्या."

पंधरा-वीस दिवसांनी गेमवाल्यांनी जाहीर केलं: खातं ज्याला हवं त्यानंच उघडावं. आमच्या अर्जानं झालं असं मी म्हणत नाही, हजारो लोक ओरडत होते. पण मला दिसला तो विषय घालून, सह्या घेऊन केलेला अर्ज एकच, आणि त्यातलं इंग्रजी माझं होतं!

नवा अपडेट उतरवायला अख्खी सकाळ गेली. मग मी डोंगल काढून बाजूला ठेवलं. गेम उघडला. खातं मागितलं नाही. पण जुनी कंपनी शिल्लक होती का? वहिनी मागे उभी, हाताला कणीक तशीच. गॅरेजचं दार वर गेलं. एक, दोन... सात. सातही उभे!

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं कोपरानं मला ढकललं.

"उठा ना भाऊजी. माल पोचवाचा हाये."

"आधी हात तरी धुवा!"

ती हात धुवायला पळाली.