दोऱ्यानं बांधलेलं पान

मी शाळेत शिकवायचे. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींचं माझं पहिलं पुस्तक कुणी प्रकाशक घेईना, म्हणून ते स्वतःच छापायचं ठरवलं. चिंचवड स्टेशनजवळच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, तेही मला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा. बोटं मात्र न बघता नेमक्या खणात जायची. लग्नपत्रिका आणि कंपन्यांच्या नोटिसा जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. माझ्या गोष्टी कशा वाटल्या, हे विचारायचा मला धीर होईना.

खिळे मोजकेच असायचे. चार पानं छापली की त्यांची जुळणी सोडायची आणि त्याच खिळ्यांत पुढची जुळवायची. शेवटच्या दिवशी पुस्तकांचा गठ्ठा न्यायला गेले, तर फळीवर खिळ्यांचं एक जुळवलेलं पान दोऱ्यानं आवळून ठेवलेलं दिसलं. माझ्या पुस्तकाचं पहिलं पान.

“हे सोडायचं राहिलं का?”

“न्हाई बाई, ठिवलंय. दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा कोण जुळवत बसंल?”

म्हणजे त्या पानाचे खिळे अडकवून त्यांनी अख्खं पुस्तक उरलेल्या खिळ्यांत भागवलं होतं.

गठ्ठा मी दोन्ही हातांनी उचलला. त्यातली एकही प्रत अजून विकली गेली नव्हती, तरी स्टेशनापर्यंत मी ताठ मानेनं चालत गेले.